अणुभट्टीवर विमान आदळले तर



१९ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आवारात, एक फँटम लढाऊ विमान रुळांवर चढवण्यात आले. रॉकेटांच्या जोरावर ते सेकंदाला २१५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७७५ किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या एका प्रचंड ठोकळ्यावर आदळवण्यात आले. त्या आघाताची फिल्म जगभर पाहिली गेली आहे. नाकापासून शेपटीपर्यंत सगळे विमान क्षणार्धात भिंतीवर चिरडून जाते, धुरळ्याचा लोट उठतो आणि ठोकळ्यावर जेमतेम ओरखडे दिसतात. इंजिने आदळली तिथे सुमारे ६ सेंटीमीटर खोल खळगा पडला होता, बाकी ठिकाणी त्याहून कमी. अणुवीज प्रकल्पावर विमान पडले तर काय होईल, असे कोणी विचारले की पुष्कळदा हीच फिल्म पुढे केली जाते आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. पण तो ठोकळा ३.६६ मीटर जाड होता. अणुभट्टीभोवतीच्या इमारतीची भिंत साधारणपणे त्याच्या निम्म्याहूनही कमी जाडीची असते. ठोकळ्याचे वजन सुमारे ४७० टन होते आणि आघाताबरोबर तो मागे सरकावा अशीच त्याची मांडणी केली होती. विमानाच्या टाक्यांत इंधनाऐवजी पाणी भरले होते. टोकियोच्या मुटो या संरचना-अभियांत्रिकीच्या संस्थेने हा प्रयोग करून घेतला, तो आदळणाऱ्या विमानाचा जोर प्रत्यक्ष किती असतो हे मोजण्यासाठी. या प्रयोगावरून भिंतींच्या टिकाऊपणाचा निष्कर्ष काढता येणार नाही, असे पुढे सँडियानेच स्पष्ट केले. ते स्पष्टीकरण मात्र फिल्मइतके लोकांपर्यंत पोहोचले नाही.

आजच्या व्याख्यानात मला एकच गोष्ट पुराव्यानिशी मांडायची आहे. अणुप्रकल्पाची विमानाच्या आघाताविरुद्धची परीक्षा भिंत फुटते की नाही एवढ्यावर थांबली, तर ती अपुरी राहते. आघातानंतर तासन्‌तास, दिवसेंदिवस भट्टीला आणि वापरलेल्या इंधनाला पाणी मिळत राहील का, ही खरी कसोटी आहे. भिंत त्या कसोटीचा एक भाग आहे. आणि ही कसोटी कोणत्या गृहीतकांवर घेतली, हे जाणून घेण्याचा अधिकार प्रकल्पाच्या परिसरात राहणाऱ्यांना आहे. हे म्हणताना भिंतीचे शास्त्र मला कमी लेखायचे नाही. उलट ते बारकाईने पाहिले की त्याची मर्यादाही आपोआप कळते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

या शास्त्राचा पाया १९६८ साली घातला गेला. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्गच्या विमानतळाजवळ, सस्क्वेहाना नदीतील थ्री माइल आयलंड या बेटावर अणुप्रकल्प उभा राहत होता. उतरणारे किंवा उडणारे विमान चुकून त्यावर कोसळले तर, हा प्रश्न तिथे टाळता येण्यासारखा नव्हता. त्या सुमारास रिएरा या अभियंत्याने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि आजही जगभरच्या गणितांची सुरुवात त्यातल्या सूत्राने होते. विमान भिंतीवर आदळते तेव्हा ते एकसंध गोळ्यासारखे वागत नाही. पुढचा भाग चिरडत जातो आणि मागचा भाग अजून आपल्या मूळ वेगात येतच असतो. त्यामुळे कोणत्याही क्षणी भिंतीवर पडणाऱ्या जोराचे दोन हिस्से होतात. एक, त्या क्षणी चिरडणाऱ्या भागाची स्वतःची मजबुती. ॲल्युमिनियमचे पोकळ धड असल्याने हा हिस्सा लहान असतो. दुसरा, त्या जागी विमानाच्या दर मीटर लांबीत जेवढे वस्तुमान आहे, गुणिले वेगाचा वर्ग. हा हिस्सा मोठा. म्हणून नाक आदळते तेव्हा जोर बेताचा असतो आणि पंख, इंजिने व इंधनाच्या टाक्या जवळजवळ एकाच वेळी भिंतीला भिडतात तेव्हा तो एकदम शिखराला पोहोचतो. रिएराने बोइंग ७०७ साठी, सेकंदाला १०३ मीटर वेग धरून, जो आलेख काढला त्यात हे शिखर ९० मेगान्यूटनच्या आसपास येते आणि सारा आघात एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात आटोपतो. जर्मनीत पुढे फँटम विमानासाठी जो भार नियमात धरला गेला, त्यात विमान अवघे २० टनांचे, पण वेग सेकंदाला २१५ मीटर. शिखर ११० मेगान्यूटन, म्हणजे सुमारे ११ हजार टन वजनाइतका जोर, तोही जेमतेम सात चौरस मीटरवर. वजनाने कितीतरी लहान विमान दुप्पट वेगाने येऊन मोठ्या विमानापेक्षा जास्त जोर लावते. सूत्रातला वेगाचा वर्ग काय करतो, हे या दोन आकड्यांवरून दिसते. १९८८ च्या सँडिया प्रयोगाने हे सूत्र मूलतः खरे ठरवले. प्रत्यक्षातला जोर सूत्रापेक्षा किंचित कमी भरतो एवढीच दुरुस्ती सुचवली. शास्त्राला त्या प्रयोगाने दिलेली ही देणगी खरोखर मोठी आहे आणि फिल्म दाखवणाऱ्यांनी ती सांगायला हवी होती.

पण विमान सगळेच्या सगळे मऊ नसते. चिखलाचा गोळा आणि दगड एकाच वेगाने भिंतीवर मारले तर भिंतीला होणारी इजा वेगळी असते. विमानात हे दोन्ही असतात. जेट इंजिनाचा दांडा, चाकांचे जड सांगाडे हे दगड. २८ जुलै १९४५ रोजी न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर दाट धुक्यात बी-२५ बॉम्बर आदळले, तेव्हा त्याचे एक इंजिन इमारत आरपार भेदून दुसऱ्या बाजूने बाहेर पडले होते. म्हणून अभियंते दोन निरनिराळी गणिते करतात. एक संपूर्ण इमारतीचे: ती वाकेल किती, सळया ताणल्या जातील किती. दुसरे इंजिनासारख्या कठीण भागाने होणाऱ्या स्थानिक इजेचे. या दुसऱ्या गणितात सामान्य माणसाच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. इंजिन भिंतीवर आदळताच काँक्रीटमधून दाबाची एक लाट पलीकडच्या बाजूला धावते. पलीकडे हवा असते, पुढे जायला घन पदार्थ नसतो, म्हणून ती लाट तिथून उलटते आणि उलटताना दाबाची लाट ताणाची होते. काँक्रीट दाबाला जेवढे टिकते त्याच्या सुमारे एक दशांशच ताणाला टिकते. परिणाम असा की इंजिन भिंतीत थोडेसेच रुतलेले असताना, भिंत आरपार फुटलेली नसताना, आतल्या बाजूने काँक्रीटच्या ढलप्या गोळीसारख्या सुटतात. आत नळ्या असतात, केबल असतात, पंप असतात. भिंत उभी आहे असे बाहेरून पाहणारा म्हणेल आणि आत मात्र एखाद्या महत्त्वाच्या व्हॉल्व्हचा चुरा झालेला असेल. यावर उपाय आहे: आतल्या बाजूने पोलादी पत्रा लावला की ढलप्या अडतात. जर्मनीत मेपेन येथे आणि अलीकडे फिनलंडच्या व्हीटीटी संशोधन केंद्रात चिरडणाऱ्या नळ्या काँक्रीटच्या लाद्यांवर मारून, काही नळ्यांत पाणी भरून, सळयांची रचना आणि लादीची जाडी बदलून हे सारे तपासले गेले आहे. म्हणजे भिंतीपुरते बोलायचे तर हे शास्त्र पक्क्या पायावर उभे आहे. काय गृहीत धरले ते सांगा, उत्तर काय येईल हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते.

सगळी अडचण त्या 'काय गृहीत धरले' मध्ये आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी अणुउद्योगाच्या संघटनेने एक अभ्यास करवून घेतला आणि २००२ च्या डिसेंबरात त्याचा सारांश जाहीर केला. बोइंग ७६७-४०० हे सुमारे २०० टनांचे विमान ताशी ३५० मैलांनी, म्हणजे सुमारे ५६० किलोमीटर वेगाने आदळले, तरी कंटेनमेंट, म्हणजे भट्टीभोवतीची घुमटाकार बंदिस्त इमारत, भेदली जाणार नाही असा निष्कर्ष त्यात होता. जमिनीलगत याहून जास्त वेगाने नेम साधून विमान नेणे अवघड आहे, हा त्या वेगामागचा युक्तिवाद. पण ११ सप्टेंबरच्या त्या हल्ल्यात पेंटॅगॉनवर आदळलेल्या बोइंग ७५७ चा वेग अधिकृत चौकशी आयोगाने ताशी ५३० मैल नोंदवला आहे, आणि पेंटॅगॉन ही जेमतेम २३ मीटर उंचीची इमारत आहे. विमान तिच्या तळमजल्यालगत घुसले. न्यू यॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी दक्षिण मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाचा वेगही साधारण तेवढाच होता. ३५० आणि ५३० यांत फरक दीडपटीचा वाटतो. वर्ग घेतला की तो सव्वादोन पटींच्या वर जातो. ज्या अभियंत्यांनी तो अभ्यास केला त्यांच्या गणितात खोट होती असे मी म्हणत नाही. गणित बरोबर असूनही उत्तर वेगाच्या निवडीबरोबर बदलते, आणि ती निवड अभियांत्रिकीची नसून धोरणाची आहे. कोणते विमान, किती भरलेले, कोणत्या वेगाने, कोणत्या कोनातून: हे चार आकडे कोणीतरी टेबलाभोवती बसून ठरवतो. त्यानंतर संगणक कितीही अचूक असला तरी त्या चार आकड्यांपलीकडचे तो काही सांगू शकत नाही.

आता भिंत टिकली असे धरू आणि पुढे जाऊ. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया नियंत्रक दांडे पडताच काही सेकंदांत थांबते. उष्णता थांबत नाही. विखंडनातून तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये स्वतःहून उष्णता देत राहतात. एक हजार मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत एकूण उष्णता सुमारे तीन हजार मेगावॉट असते. भट्टी बंद पडल्याक्षणी तिचा ६ ते ७ टक्के भाग, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास उष्णता उरते आणि एका दिवसानंतरही ती १५ ते २० मेगावॉटच्या घरात असते. ती काढून न्यायला पाणी लागते, पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज, विजेला ग्रिड किंवा डिझेल जनरेटर, आणि या सगळ्याला चालवणारी नियंत्रण यंत्रणा. फुकुशिमात २०११ च्या मार्चमध्ये भूकंपाने भट्ट्यांच्या भिंती पडल्या नव्हत्या. त्सुनामीने डिझेल जनरेटर आणि स्विचगिअर पाण्याखाली गेले, ग्रिड आधीच तुटलेली होती, आणि तेवढ्याने तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. विमानाच्या आघाताचा विचार करताना हे उदाहरण समोर ठेवावेच लागते, कारण विमान एका जागी आदळते पण त्याचा परिणाम एका जागी राहत नाही. हजारो लिटर इंधन पसरते. न्यू यॉर्कचे दोन्ही मनोरे आघात सोसून उभे राहिले होते. दक्षिण मनोरा ५६ मिनिटांनी आणि उत्तर मनोरा १०२ मिनिटांनी कोसळला तो आगीने पोलाद कमकुवत केल्यामुळे. अणुप्रकल्पात अशी आग केबलच्या दालनात शिरली किंवा तिचा धूर हवा घेणाऱ्या झडपांतून नियंत्रण कक्षात गेला, तर भिंतीच्या जाडीचा काही उपयोग नाही. तिसरा परिणाम हादऱ्याचा. ११ हजार टनांचा धक्का भिंतीतून मजल्यांत, मजल्यांतून यंत्रांत जातो. ही कंपने भूकंपापेक्षा कितीतरी जलद असतात. इमारतीला त्यांनी काही होत नाही, पण विजेच्या पॅनेलमधले रिले त्यामुळे उघडू किंवा मिटू शकतात. भूकंपासाठी तपासलेले उपकरण या कंपनांनाही टिकेल, असे परस्पर मानता येत नाही.

याचे चांगले उत्तर काही रचनांनी दिले आहे. जैतापूरमुळे मराठी वाचकांना नावाने परिचित असलेली युरोपियन प्रेशराइज्ड रिॲक्टर, म्हणजे ईपीआर, ही त्यातली एक. फिनलंडमधल्या ओल्किलुओटो येथील अशा भट्टीसाठी तिथल्या नियामकाने मोठ्या प्रवासी विमानाच्या आघाताची अट स्पष्टपणे घातली होती. ईपीआरमध्ये भट्टीची इमारत, इंधनाची इमारत आणि सुरक्षा यंत्रणांच्या चार इमारतींपैकी दोन यांना जाड बाह्य कवच असते. हे कवच आतल्या भिंतींना कुठेही जोडलेले नसते. दोन्ही एकमेकांना भेटतात ते फक्त पायाच्या राफ्टमध्ये, त्यामुळे आघाताचा हादरा लांबून आणि क्षीण होऊन आत पोहोचतो. उरलेल्या दोन सुरक्षा इमारतींना कवच नाही. त्या भट्टीच्या विरुद्ध बाजूंना ठेवलेल्या आहेत, डिझेल जनरेटरच्या इमारतीही तशाच दोन बाजूंना विभागलेल्या. एक विमान दोन्ही बाजूंना एकाच वेळी आदळू शकत नाही. काँक्रीटचा एकही घनमीटर न वाढवता, केवळ अंतर राखून मिळवलेली ही सुरक्षा मला भिंतीच्या जाडीपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००९ साली केलेल्या नियमातही हाच दृष्टिकोन आहे. मोठ्या व्यावसायिक विमानाच्या आघातानंतर भट्टीचा गाभा थंड राहील किंवा कंटेनमेंट अभंग राहील, आणि वापरलेल्या इंधनाचे शीतन चालू राहील किंवा त्याचे तळे फुटणार नाही, हे दाखवा, असे तो नियम सांगतो. त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस कंपनीच्या एपी-१००० भट्टीच्या बाह्य कवचाची रचना आयोगाने दुरुस्तीसाठी परत पाठवली आणि चाचण्या व बदल झाल्यावर २०११ मध्ये तिला मान्यता दिली. नियामक जागा असला की रचना सुधारते, हे यातून दिसते. मात्र २००९ चा नियम नव्या रचनांसाठी आहे. आधीपासून चालणाऱ्या भट्ट्यांना आपत्कालीन पंप, पाण्याची पर्यायी सोय, आग विझवण्याची तयारी अशा उपायांवर भागवावे लागले. भिंती आणि अंतरे बदलता येणार नव्हती.

वापरलेल्या इंधनाच्या तळ्याचा उल्लेख नुसता करून पुढे जाण्यासारखा नाही. जुन्या प्रकारच्या अनेक उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत, फुकुशिमात होत्या तशा, हे तळे मुख्य कंटेनमेंटच्या बाहेर आणि इमारतीच्या वरच्या मजल्यांवर असते. त्यावरचे छप्पर कारखान्याच्या शेडपेक्षा फार वेगळे नसते. तळ्यात पाणी आहे तोवर धोका नाही. पाणी गेले आणि इंधन नुकतेच काढलेले असेल, तर त्याच्या झिर्कोनियमच्या नळ्या पेट घेऊ शकतात आणि त्यातली किरणोत्सर्गी द्रव्ये थेट हवेत जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने हल्ल्यांच्या संदर्भात या तळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन साधे उपाय सुचवले: ताजे आणि जुने इंधन तळ्यात आलटून पालटून ठेवा आणि वरून पाणी फवारण्याची सोय करा. इतक्या स्वस्त उपायांनी धोका इतका कमी होत असेल, तर 'भिंत भक्कम आहे' या एका वाक्यावर समाधान मानणे किती महागात पडेल, याचा विचार व्हायला हवा.

इथवर आल्यावर पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो वजनदार आहे: अशा घटनेची शक्यताच नगण्य आहे. अपघातापुरते हे खरे आहे. अपघात धावपट्टीच्या आसपास एकवटलेले असतात, म्हणून प्रकल्प विमानतळापासून पुरेसा दूर ठेवला की वर्षाला एक कोटीत एक यापेक्षा कमी शक्यता सहज दाखवता येते आणि नियामक तेवढ्यावर प्रश्न बाजूला ठेवतात. ही पद्धत चुकीची नाही. जर्मनीने ती प्रामाणिकपणे वापरली तेव्हा निष्कर्ष उलटा आला, कारण तिथल्या हवाई दलाच्या नऊशेहून अधिक स्टारफायटर विमानांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कोसळली होती. म्हणून तिथे आधी स्टारफायटर आणि मग फँटमचा आघात नियमात आला, भिंती दोन मीटरच्या घरात गेल्या. पण तिथल्या सर्वांत जुन्या भट्ट्या त्याआधीच उभ्या होत्या, आणि २०११ मध्ये फुकुशिमानंतर झालेल्या तपासणीत त्यांपैकी काहींना लहान विमानासाठीचे संरक्षणही दाखवता आले नाही. शक्यतेचे गणित मात्र जाणूनबुजून केलेल्या आघाताला लागूच पडत नाही. मुद्दाम विमान आदळवणारा माणूस सांख्यिकीच्या वाटेने येत नाही. ही कल्पना २००१ पूर्वी कोणाला सुचली नव्हती, असेही म्हणता येणार नाही. १९७२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सदर्न एअरवेजच्या एका विमानाचे अपहरण झाले, तेव्हा अपहरणकर्त्यांनी ओक रिजच्या अणुभट्टीवर विमान पाडण्याची धमकी दिली होती आणि ती भट्टी खबरदारी म्हणून बंद करावी लागली होती. पुढे २००१ च्या कटातल्या प्रमुखाने न्यू यॉर्कजवळच्या एका अणुप्रकल्पाचा लक्ष्य म्हणून विचार केला होता, हे चौकशी आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. धोका नोंदलेला होता आणि तरी तीस वर्षे नियम शक्यतेच्या गणितावर चालत राहिले.

दुसरा आक्षेप: मग धरणे, तेलशुद्धीकरण कारखाने, रासायनिक प्रकल्प यांचे काय? विमान आदळायचेच असेल तर त्यांच्यावरही आदळेल; अणुप्रकल्पालाच एवढी कडक परीक्षा का? रासायनिक कारखान्यांची परीक्षाही कडक हवी, यात शंका नाही, आणि भोपाळ अनुभवलेल्या देशाला हे वेगळे सांगायला नको. पण एकाची परीक्षा कमी पडते म्हणून दुसऱ्याची सैल करावी, हा न्याय होत नाही. शिवाय अणुप्रकल्पाच्या बाबतीत दुरुस्ती नंतर जवळजवळ अशक्य असते. डिझेलच्या इमारती नकाशावर हलवणे सोपे, बांधून झाल्यावर नाही. म्हणून परीक्षा आधीच व्हायला हवी. विमान प्रकल्पापर्यंत पोहोचूच नये, यासाठी विमानतळावरची तपासणी, वैमानिकाच्या कक्षाची मजबूत दारे, प्रकल्पावरचे निषिद्ध हवाई क्षेत्र हे उपाय हवेतच, आणि त्यांनी पुष्कळ धोका टळतो. पण युक्रेनच्या युद्धाने दाखवले आहे की आकाशातून येणारी प्रत्येक वस्तू विमानतळावरून निघालेली नसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये झापोरिझ्झिया अणुप्रकल्पाच्या सहाव्या भट्टीच्या घुमटावर ड्रोन आदळले. तिथे भिंतीला काही झाले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत चेर्नोबिलच्या नव्या कमानीदार आवरणाला एका ड्रोनने भोक पाडले, आणि आवरणाच्या थरांमध्ये धुमसणारी आग विझवायला आठवडे लागले. ते आवरण काँक्रीटचे नव्हतेच, आतला जुना ढिगारा झाकण्यासाठी उभारलेला पत्र्याच्या थरांचा सांगाडा होता. विमान आणि जाड भिंत यांच्या गणितात ते कुठेच बसत नव्हते. आणि झापोरिझ्झियाला सर्वांत जास्त वेळा संकटात आणले ते बाहेरून येणाऱ्या वीजवाहिन्या तुटण्याने.

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे आणि मला तो सर्वांत कठीण वाटतो. कोणत्या वेगाला, कोणत्या कोनातून भिंत टिकत नाही हे जाहीर केले, तर हल्लेखोराच्या हातात नकाशाच दिल्यासारखे होईल. हे मान्य. पण संपूर्ण गोपनीयतेचे फळ काय असते, हे जर्मनीतल्या ब्रुन्सब्युटेल येथे दिसले. तिथे वापरलेले इंधन साठवण्याच्या इमारतीला परवाना मिळाला होता. शेजारी राहणाऱ्यांनी न्यायालयात विचारले की ए-३८० सारख्या मोठ्या विमानाच्या आघाताचा विचार झाला आहे का. परवाना देणाऱ्या खात्याने बरीच कागदपत्रे गोपनीय म्हणून दाखवलीच नाहीत. श्लेस्विगच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०१३ मध्ये परवाना रद्द केला, कारण धोका पुरेसा तपासला गेला आहे याची न्यायालयाला खात्री करता आली नाही, आणि २०१५ च्या जानेवारीत संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय कायम केला. इमारत कदाचित पुरेशी भक्कम असेलही. पण ज्याची खात्री न्यायाधीशालाही करून घेता येत नाही, त्या सुरक्षिततेवर नागरिकाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही. अमेरिकेने यातून वाट काढली आहे: कसोटी काय, पद्धत कोणती, निष्कर्ष काय हे जाहीर; आघाताचा नेमका आलेख आणि दुबळ्या जागा गोपनीय. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७ आणि २०१८ मध्ये याच विषयावर प्रसिद्ध केलेल्या अहवालांतही पद्धत उघडपणे मांडलेली आहे. पद्धत उघड केल्याने कोणाच्या हाती शस्त्र जात नाही.

आता आपल्याकडे. भारतीय जड पाण्याच्या नव्या भट्ट्यांना दुहेरी कंटेनमेंट असते: आत ताण दिलेल्या तारांची प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटची भिंत आणि बाहेर सळयांच्या काँक्रीटची दुसरी. विमानाच्या आघाताचा विचार करता ही चांगली मांडणी आहे, कारण बाहेरची भिंत बळी देऊनही आतली वाचू शकते. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी २००५ साली पाचशे मेगावॉटच्या अशा भट्टीच्या दुहेरी कंटेनमेंटवर बोइंग आणि एअरबसच्या आघाताचे विश्लेषण प्रसिद्ध केले आहे. रुडकीच्या आयआयटीतही या विषयावर अनेक वर्षे काम झाले आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे, आणि ते परक्यांकडून उसने घेतलेले नाही. जागा निवडीच्या नियमांत विमानतळापासूनच्या अंतराची अटही आहे. प्रश्न आहे तो शेवटच्या दुव्याचा. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या, अमेरिकी रचनेच्या आहेत. त्या काळात मोठ्या प्रवासी विमानाच्या मुद्दाम घडवलेल्या आघाताचा निकष कुठेच नव्हता. त्यांच्या शेजारी २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्या दुहेरी कंटेनमेंटच्या आहेत. एकाच आवारात दोन पिढ्या उभ्या आहेत, तेव्हा दोघींची परीक्षा एकाच मापाने झाली का आणि जुन्यांसाठी पाणी, वीज व आगीची वेगळी तयारी कोणती, हे बोईसर, पालघर, डहाणूच्या माणसाला मराठीत, समजेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. त्यात एकही गुप्त आकडा उघड करावा लागत नाही. जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत आणि तिथे तर काम सुरू होण्यापूर्वीच हे ठरवता येण्याजोगे आहे. ईपीआरचे कवच आणि इमारतींमधले अंतर ही त्या रचनेची खरी ताकद असेल, तर खर्च कमी करण्याच्या वाटाघाटीत त्यांना हात लावला जाणार नाही, ही अट करारातच लिहून ती जाहीर करावी. कोणत्या गटातले विमान धरले, आघातानंतर शीतन किती काळ स्वतःच्या बळावर चालेल, आग आणि हादरा यांचा हिशेब केला का, आणि प्रकल्पाशी हितसंबंध नसलेल्या कोणी तो तपासला: या चार प्रश्नांची लेखी उत्तरे नियामकाने तिथल्या माडबन आणि नाट्याच्या ग्रामसभेपुढे ठेवावीत, पहिला पाया ओतण्याच्या आधी.